पालथे ग्लास

४ ऑक्टोबर, सोमवार

फडकं स्वच्छ होतं. उकळत्या पाण्यातून काढलेलं, वाऱ्यावर वाळवलेलं. कुणी विचारलं नाही, पण सांगून ठेवते. तरी बारकीचं आपलं एकच, आत्या, चाखायचे ग्लास फडक्यानं पुसायचेच नाहीत. नुसत्या गरम पाण्यानं धुवायचे, साबण लावायचा नाही, आणि वरच्या खोलीत खिडकीशी लाकडी फळीवर पालथे ठेवायचे. वाळतील तेव्हा वाळतील. वाळले की सुलटे करून प्रत्येकावर काचेची चकती ठेवायची, म्हणजे बाहेरचा वास आत जायला नको.

मी म्हटलं, "ग्लास आहेत का बाळंतिणी?"

"शुक्रवारी एवढं ऐक माझं. मग वर्षभर काय हवं ते बोल."

बारकी माझ्या भावाची मुलगी. चौतिशी उलटली तरी बारकीच. आमच्या बेटावर व्हिस्कीची भट्टी आहे, तिथे ती नाक आहे. हुद्दा काहीतरी लांबलचक आहे, कागदावर. कुठल्या पिंपात काय चाललंय ते हुंगून आणि चाखून सांगायचं, हे काम. मी तिथल्याच पाहुणेघरात चहापाणी आणि झाडलोट बघते. मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी राहतो. ही डायरीही तिनंच दिली. तू फार बडबडतेस, त्यातलं अर्धं हिला सांग, म्हणाली. सांगते.

५ ऑक्टोबर

मालक आणि बारकीचं आज वाजलं. मी खिडक्या पुसत होते, कानावर आलं.

भट्टी नवी आहे. पहिल्या पिंपांना आत्ता कुठे तीन वर्षं झाली. त्याआधी तिला व्हिस्की म्हणायचं नाही असा नियम. मालकांना ती आता बाटलीत भरून धुराची व्हिस्की म्हणून विकायची आहे. हा धूर म्हणजे काही जादू नाही. इथल्या दलदलीतली काळी माती कापतात, वाळवतात, तिच्या ढेपा होतात. तिला पीट म्हणतात. त्या ढेपा जाळून वर बार्ली वाळवायची. तो धूर दाण्यात शिरतो तो थेट बाटलीपर्यंत. आमच्या चुलीतही त्याच ढेपा, दुसरं जळण इथे आहे कुठे.

बारकीचं म्हणणं, त्या पहिल्या वर्षी ढेपा ओल्या होत्या, धूर नीट लागलाच नाही.

"आधी नाशपती लागते," ती सांगत होती, "मग मिठाचं ओलं दोरखंड. धूर येतो अगदी शेवटी, तोही शेजारच्या गावात कुणी शेकोटी केली असेल तेवढा. ही धुराची म्हणून विकली तर लोक एक बाटली घेतील, दुसरी नाही घेणार. पुढच्या वर्षीच्या पिंपांबरोबर मिसळू. थांबा."

"नाकबाई, तीन वर्षं थांबलोच आहे. शुक्रवारी टोपीवाले येतायत. ते चाखतील, तुम्ही चाखा, मग बघू."

टोपीवाले म्हणजे बोटीनं येणारे एक मोठे दुकानदार. घरातसुद्धा टोपी काढत नाहीत. त्यांनी घेतली तर सगळीकडे जाईल.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

झालं एकदाचं चाखणं.

सकाळपासून धुकं. ग्लास काल संध्याकाळीच वर पालथे घातले होते, पण हवाच ओली, आत थेंब तसेच. त्यात बोट वेळेआधी आली. खालून ढेपा जाळणारा भट्टीवाला ओरडतोय, "आत्याबाई, टोपी आली, टोपी." आता मी ग्लासांची आळवणी करत बसू का? सगळे खाली आणले आणि चुलीवरच्या तारेवर पालथे लावले, जिथे मोजे वाळवते तिथे. बघता बघता खडखडीत. लगेच सुलटे करून चकत्या ठेवल्या, बारकीनं सांगितलं तशा. ट्रे नेऊन ठेवला.

बारकीनं एका ग्लासावरची चकती उचलली. नाकाशी नेला. अजून त्यात काही ओतलेलंही नव्हतं.

"आत्या, ग्लास वरच वाळवलेस ना?"

"मग काय ढगात?" म्हटलं. पाहुण्यांसमोर कुठे पंचाईत करत बसायची. वाळल्याशी मतलब.

तिनं बरं म्हटलं आणि ग्लास खाली ठेवला.

मालकांनी ओतली. रंग अगदी फिका, वाळलेलं गवत भिजवलेल्या पाण्यासारखा. टोपीवाल्यांनी डोळे मिटले, हुंगलं, घोट घेतला, गालात घोळवला. मग म्हणाले, "अहो, ही कोवळी कुठली. हिनं माझ्या नाकात शेकोटी पेटवली की."

मालकांचा चेहरा काय फुलला. म्हणाले, "नाकबाई, शेकोटी शेजारच्या गावात होती ना?"

बारकीनं हुंगलं. परत हुंगलं. एक घोट घेतला, थोडं पाणी घातलं, परत घेतला. "पिंपातून काढून घेतली तेव्हा हा धूर नव्हता," म्हणाली.

"मग मधल्या वाटेत आम्ही काय हिच्यात विड्या ओढल्या?" भट्टीवाला दारातून म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. तोंडाळ आहे मेला.

बारकीनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं तिला चहा हवाय. मी चहा टाकायला गेले. परत आले तर ती म्हणत होती, "मी चुकले असेन. मागच्या महिन्यात सर्दी झाली होती."

मालक मोठ्या मनानं म्हणाले, होतं असं कधी कधी.

९ ऑक्टोबर

बारकी जेवली नाही. भांडी घासताना म्हणाली, "बाबांचं असंच सुरू झालं होतं."

दादा जुन्या भट्टीत होता, बेटाच्या पलीकडच्या अंगाला. त्याचं नाक गेलं आणि त्यानं कुणाला कळू दिलं नाही. पण कळायचं ते कळतंच. मग टवाळ पोरांनी एकदा त्याच्या ग्लासात थंड चहा ओतला. दादानं हुंगला, घोळवला, आणि बारा वर्षं मुरलेली आहे म्हणाला. डब्बा घेऊन आलेली बारकी दारात उभी होती तेव्हा.

मी म्हटलं, "तुझ्या बापाची गोष्ट वेगळी. तू जेव आधी."

तिनं पाव कुस्करला आणि पक्ष्यांना टाकला.

१४ ऑक्टोबर

काय एकेक खूळ. आज बारकीनं स्वतःची परीक्षा घेतली. म्हणजे मी घेतली. तिनं डोळ्यांवर फडकं बांधलं आणि मी औषधाच्या छोट्या बाटल्या एकेक नाकाखाली धरायच्या. व्हिनेगर, लवंग, बुटांचं पॉलिश, रॉकेल. सगळं बिनचूक. लवंग तर म्हणाली जुनी आहे, आणि होती जुनी.

"झालं समाधान?" मी म्हटलं.

"हे कुणीही ओळखेल. एक रिकामी धर. मला न सांगता."

धरली. चुलीवरच्या फळीवरून घेतली, स्वच्छ, धुतलेली.

तिनं बराच वेळ घेतला. मग हळूच म्हणाली, "धूर."

"रिकामी आहे," मी म्हटलं. "काही नाही त्यात."

तिनं फडकं सोडलं. बाटली उजेडात धरून बघितली. "नसलेला धूर येतोय मला," म्हणाली. "तिथेही तसंच झालं असेल. पण मग त्या सगळ्यांना कसा आला?"

मी काय सांगणार. खरं होतं ते सांगितलं. खोटं बोलून कुणाला खूश करणाऱ्यातली मी नव्हे.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

डोळे दाखवायला बोटीनं पलीकडे गेले होते. दोन रात्री दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत. मोतीबिंदू आहे, पिकू दे म्हणाले. पिकू दे.

आज घरी आले, स्वयंपाकघराचं दार उघडलं तर धुराचा भपकारा. आधी वाटलं काही जळतंय. चूल तर थंड होती. भिंतीला, पडद्याला, माझ्या रोजच्या स्वेटरला, सगळ्याला तोच वास. चुलीचं दार नीट लागत नाही हे ठाऊक होतं, पण इतकी वर्षं त्यातच वावरल्यावर नाकाला काय कळणार. दोन दिवस बाहेर राहिले म्हणून कळलं.

रक्तदाबाची गोळी घ्यायची होती. किटलीमागे तारेवर त्या चाखायच्या ग्लासांतला एक पालथा राहिला होता, त्या शुक्रवारपासून. त्यात पाणी घेतलं. प्यायले.

पाण्याला धूर लागला.

नळाचं पाणी वाटीतून पिऊन बघितलं. नुसतं पाणी. मग परत ग्लासातून. धूर.

बसूनच राहिले. बारकी आली, म्हणाली, डोळ्यांचं काय सांगितलं? मी म्हटलं, पिकू दे म्हणाले.

२० ऑक्टोबर

सांगायचंच असं ठरवून उठले. बारकी बूट घालत होती.

"बारकी, ते ग्लास..."

"काय ग्लास?"

"एक तडकलाय."

"टाकून दे," म्हणाली आणि गेली.

तडकलेला नव्हता. मी खरंच टाकून दिला.

२१ ऑक्टोबर

असं बघायचं तर कुणाचं काय बिघडलंय? मालक खूश. टोपीवाले खूश. भट्टीत सगळ्यांचं काम पक्कं झालं, भट्टीवाला तर शीळ घालत फिरतोय. सांगितलं तर मालक मला काढतील, आणि काढावंच. एवढ्या तेवढ्यावरून गावभर बभ्रा.

हे सगळं मी बटाटे सोलताना मनाशी बोलले. पटलं. मग बारकी आली आणि बटाटा नाकाशी धरून उभी राहिली. मातीचा वास येतो का बघत होती. झालं, जे पटलं होतं ते गेलं.

२३ ऑक्टोबर, शनिवार

बारकीनं ठरवलंय. एकोणतीसला टोपीवाले परत येतायत, शेवटचं चाखून सौदा पक्का करायला. ते झालं की ती नाकाचं काम सोडणार. बाटल्यांना बुचं लावायच्या खात्यात जाते म्हणाली. "त्याला नाक लागत नाही. बाबांनी वेळेवर सोडलं असतं तर त्यांना कुणी चहा पाजला नसता."

"घाई कसली," मी म्हटलं.

"आत्या, नसलेला धूर ज्याला येतो त्यानं पिंपांपाशी काय करायचं?"

मी उठून कोंबड्यांना दाणे टाकले. आधीच टाकलेले होते.

पण रस्ता सापडलाय. एकोणतीसला ग्लास असे स्वच्छ देईन की बोलायचं कामच नको. धूर नाही म्हटल्यावर सगळ्यांना आपोआप कळेल की बारकी बरोबर होती. मागच्या वेळी काय झालं ते कुणाला आठवायचंही नाही. गाजावाजा नको, रडारड नको.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

चूल कालपासून पेटवली नाही. थंड पाव खाल्ला. स्वेटर बाहेर दोरीवर टाकला, अंघोळ केली, हात भट्टीतून आणलेल्या नुसत्या गरम पाण्यानं तीनदा धुतले. ग्लास वरच्या खोलीत आणि मी खुर्ची टाकून त्यांच्याजवळ. माशी बसू दिली नाही. वाळले, चकत्या ठेवल्या, नेले. बारकीनं आज काही विचारलं नाही. मी सांगणार होते, वरच वाळवलेत म्हणून. विचारलंच नाही.

मालकांनी ओतली. मी दाराशी उभी. आता बघा म्हटलं मनात.

टोपीवाल्यांनी डोळे मिटले. हुंगलं. घोट घेतला. "वा," म्हणाले. "आज तर मागच्यापेक्षा जास्त. चुलीच्या बाजूला बसल्यासारखं वाटतंय."

मालकांनी घेतली, त्यांनाही धूर. भट्टीवाल्याला एक घोट दिला तर तो म्हणतो, आपल्याच हाताचा धूर, ओळखणार नाही का.

मी माझेच हात हुंगून बघितले.

बारकीनं सगळ्यात शेवटी ग्लास घेतला. "आज धूर नाही," म्हणाली. "आहे, पण शेवटी, लांबवर. पहिल्यांदा सांगितलं होतं तसाच."

"बाई, मागच्या वेळी आला म्हणालात. आज नाही म्हणता," मालक म्हणाले. रागावले नव्हते, तेच वाईट. समजूत काढत होते. "नाक म्हणजे काय नळ आहे, चालू बंद व्हायला? थोडी विश्रांती घ्या तुम्ही."

बारकीनं टेबलाभोवती नजर फिरवली आणि ग्लास घेऊन माझ्यापाशी आली.

"आत्या, तू सांग. तू काही माझी भीड धरणार नाहीस. धूर आहे?"

मी आयुष्यात पहिल्यांदा ती व्हिस्की जिभेवर घेतली. आधी जळजळलं. मग गोड, पिकलेल्या नाशपतीचं साल चोखावं तसं. मग खारट. मी थांबले, ती शेकोटी कधी येते बघत. आली, अगदी शेवटी, घोट गिळून झाल्यावर, कुठेतरी टेकडीपलीकडे. जशी बारकीनं सांगितली होती तशी.

सगळे माझ्याकडे बघत होते.

"मला काय कळतं त्यातलं," मी म्हटलं. "मी चहा पिते."

बारकीनं माझ्या हातातून ग्लास घेतला. पिंपांच्या कोठाराच्या किल्ल्या कमरेच्या साखळीतून सोडवल्या आणि मालकांसमोर ठेवल्या. मालकांनी त्या लगेच उचलल्या नाहीत, पण नकोही म्हणाले नाहीत.

मी चकत्या गोळा केल्या.

३० ऑक्टोबर, शनिवार

वारा सुटलाय, बोट नाही. टोपीवाले पाहुणेघरातच अडकले. मालक त्यांच्याबरोबर न्याहारीला आले होते. बरं झालं, एकाच वेळी उरकलं.

उठल्या उठल्या चूल पेटवली. एक ग्लास तारेवर पालथा घातला, एक वर खिडकीशी. दोन्ही वाळले, चकत्या ठेवल्या. न्याहारीच्या टेबलावर नेऊन दोन्हींत त्यांच्या डोळ्यांदेखत जगमधलं पाणी ओतलं.

"प्या," मी म्हटलं.

"आत्याबाई, हे काय? पाणी?"

"पाणीच आहे. प्या म्हटलं ना."

टोपीवाल्यांच्या वाट्याला चुलीवरचा आला. प्यायले आणि ग्लासात बघत बसले. मालकांनी दुसऱ्यातलं पाणी पिऊन खाली ठेवलं, म्हणाले, मग? टोपीवाल्यांनी आपला ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. मालकांनी त्यातलं पाणी प्यायलं.

मी म्हटलं, "आठ तारखेला सगळे ग्लास मी चुलीवर वाळवले होते. वर वाळेनात म्हणून. धूर ग्लासाला होता. काल स्वच्छ होते, काल धूर नव्हताच. बारकीचं नाक ठणठणीत आहे. तुमची व्हिस्की पांचट आहे."

टोपीवाले हळूच म्हणाले, "पण काल मला आला होता."

"तुम्हाला मागचा आठवत होता," दारातून आवाज आला. बारकी उभी होती. कधीपासून, देव जाणे. चढलेल्या आवाजात नाही बोलली, शाळेत शिकवावं तसं बोलली.

टोपीवाल्यांनी टोपी काढली. पार टक्कल आहे. "खरं आहे," म्हणाले. मालकांना म्हणाले, "बाटल्या भरू नका. बाई म्हणतात तसं मिसळा. मी थांबतो." मग हसायला लागले, एकटेच.

मालक मला म्हणाले, "आत्याबाई, काल तुम्ही तिथेच उभ्या होता. काल का नाही बोललात?"

मी म्हटलं, "काढायचं असेल तर काढा. पण सोमवारपासून काढा, उद्या यांचं जेवण आहे."

त्यांनी खिशातून किल्ल्या काढून टेबलाच्या बारकीकडच्या कडेला ठेवल्या. तिनं घेतल्या. कमरेला लावल्या नाहीत, मुठीत धरून गेली.

३१ ऑक्टोबर, रविवार

बोट सुटली. मालकांनी काढलेलं नाही, पण चाखायचे ग्लास आता भट्टीवाला धुणार. येता जाता म्हणतो, आत्याबाई, मोजे चाखायला कधी देताय? हसू दे.

बारकी काल दिवसभर बोलली नाही. आज दुपारी स्वयंपाकघरात आली, उभीच राहिली. चुलीकडे बघितलं, तारेकडे बघितलं.

"कधी कळलं तुला?"

"एकोणीसला. डोळे दाखवून आले त्या दिवशी."

तिनं मनात मोजलं असावं. मी म्हटलं, "कळलं तेव्हा सांगायला हवं होतं. धुराचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं आधी, ती चूक झाली. वाळत नव्हते गं ते."

"धुराचं नाही विचारत मी," ती म्हणाली. "आठ तारखेला मी तुला विचारलं होतं. ग्लास वरच वाळवलेस ना."

"मी कुठे हो म्हटलं? ढगात म्हटलं."

नेहमी हसते ती अशा बोलण्याला. आज हसली नाही.

"मला रिकाम्या ग्लासालाच धूर आला होता, आत्या. ओतायच्या आधी. नाक सांगत होतं आणि तू सांगत होतीस. मी तुझं ऐकलं."

चुलीवर पाणी उकळत होतं. मी किटली उतरवली, परत ठेवली. त्यानंतर ती आणखी एक वाक्य बोलली. लहानसंच. बोलून बाहेर गेली आणि दार हळू ओढून घेतलं, आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

ते वाक्य मी इथे लिहिणार नाही. तिला माहीत आहे, मला माहीत आहे. बाकी कुणाला सांगायचं कारण नाही आणि या डायरीलाही नाही. नाही म्हणजे नाही.